घडणीचे सौंदर्य : मोट, नांगर आणि कुंडल रोड

कुंडलचा इतिहास सांगायचा म्हटले की प्रथम डोळ्यांसमोर येतो तो डोंगर. गावातील कलिकुंड पार्श्वनाथ आणि डोंगरावरील झरी पार्श्वनाथ व गिरी पार्श्वनाथ या स्थानांमुळे आपले गाव दूरदूरच्या श्रावक-श्राविकांना परिचित आहे. त्यानंतर आठवते ते १९४०च्या दशकातील प्रतिसरकारचे पर्व आणि क्रांतिसिंह नाना पाटील, क्रांतिअग्रणी जी. डी. बापू लाड यांची नावे. या दोन्ही विषयांवर पुष्कळ लिहिले गेले आहे व यापुढेही लिहिले जाईल. परंतु कुंडलच्या नावाशी जोडलेला इतिहासाचा आणखी एक धागा आहे आणि तो आपल्या रोजच्या जगण्याच्या अधिक जवळचा आहे. गावापासून थोड्या अंतरावर असलेल्या ‘कुंडल रोड’ या रेल्वे स्थानकाजवळच्या माळावर १९१० साली एक कारखाना उभा राहिला. तेथून बाहेर पडलेल्या नांगरांनी, चरकांनी आणि पंपांनी महाराष्ट्रातील शेतीची रीत पालटली. त्या स्थानकाला आज आपण किर्लोस्करवाडी म्हणतो.

या कारखान्याच्या संस्थापकांची चरित्रे उपलब्ध आहेत. ती पुन्हा सांगणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. वस्तूची घडण चांगली केव्हा ठरते, या एका प्रश्नाच्या अनुषंगाने आपल्या परिसरातील काही वस्तूंकडे पाहावे, एवढाच येथे प्रयत्न आहे. आद्य तीर्थंकर भगवान ऋषभदेवांनी लोकांना असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही सहा कर्मे शिकविली, अशी आपली परंपरा सांगते. दक्षिण महाराष्ट्रातील आपला समाज प्रामुख्याने शेतीवर जगत आला. म्हणून कृषी आणि शिल्प ही दोन कर्मे जेथे एकत्र येतात, त्या नांगराचा आणि मोटेचा इतिहास हा आपलाही इतिहास आहे.

घडण म्हणजे काय?

मराठीत घडण, घाट, बांधणी, बेत असे अनेक शब्द या विषयासाठी आहेत. ‘घाटदार तांब्या’ असे आपण सहज म्हणतो. पण तो घाट आला कोठून, याचा विचार सहसा करीत नाही. तांब्याचे पोट मोठे असते, कारण त्यात पाणी साठवायचे असते. गळा अरुंद असतो, कारण विहिरीत सोडताना त्याला दोरीचा फास बसावा लागतो आणि चालताना पाणी हिंदकळून चालत नाही. काठ बाहेर वळलेला असतो, म्हणजे बोटांना पकड मिळते आणि पाण्याची धार एकसारखी पडते. बूड असे असते की तांब्या जमिनीवर ठेवला तर कलंडत नाही, आणि राखेने घासताना हात सर्वत्र फिरतो. यातील एकही रेषा केवळ शोभेसाठी काढलेली नाही, तरीही सर्व रेषा मिळून शोभा निर्माण होते.

अमेरिकेतील प्रसिद्ध रचनाकार चार्ल्स आणि रे ईम्स या दांपत्याने भारत सरकारच्या निमंत्रणावरून देशभर प्रवास करून १९५८ साली एक अहवाल सादर केला. या प्रवासात पाहिलेल्या वस्तूंमध्ये त्यांनी सर्वांत वरचे स्थान दिले ते एखाद्या राजवाड्याला किंवा रत्नजडित दागिन्याला दिले नाही. ते दिले लोट्याला, म्हणजे आपल्या तांब्याला. अहमदाबादची राष्ट्रीय रचना संस्था १९६१ साली स्थापन झाली, तिच्या मुळाशी हाच अहवाल होता. आपल्या माजघरातील भांडे जगातील जाणकारांच्या अभ्यासाचा विषय झाले, ही गोष्ट नोंद घेण्याजोगी आहे.

याहून सूक्ष्म उदाहरण जैन घरांतील आहे. पाणी गाळून घेण्याची आपली रीत सर्वश्रुत आहे. गाळण्यावर राहिलेले सूक्ष्म जीव, म्हणजे जिवाणी, ज्या विहिरीचे पाणी तिच्यातच परत सोडायची असते. ती वरून ओतली तर उंचीवरून पडून जीवांचा घात होणार. यावर जुन्या कारागिरांनी उपाय शोधला. जिवाणीच्या बादलीच्या बुडालाही एक कडी बसविली. बादली दोरीने सावकाश खाली जाते, पाण्याला टेकते आणि त्या कडीच्या साहाय्याने पाण्याच्या पृष्ठभागापाशीच उलटते. येथे अहिंसा हे तत्त्व एका लोखंडी कडीत उतरले आहे. कडी जोडणाऱ्या लोहाराचे नाव कोणास ठाऊक नाही, पण त्याने वापरणाऱ्याच्या मनातील चिंता नेमकी ओळखली होती.

या दोन उदाहरणांवरून चांगल्या घडणीची कसोटी हाती येते. वस्तू आपले काम चोख करते काय, ती वापरणाऱ्याचे आणि तिच्या संपर्कात येणाऱ्या प्रत्येक जीवाचे कष्ट वाचविते काय, आणि बिघडली तर ती दुरुस्त करता येते काय, हे प्रश्न विचारावेत. त्यांची उत्तरे होकारार्थी असतील तर सौंदर्य बहुधा आपोआप येते.

नाव नसलेले कारागीर

कृष्णाकाठच्या विहिरींवर विजेचे पंप येण्यापूर्वी मोट चालत असे. आज साठी ओलांडलेल्यांनी ती पाहिली असेल. तरुण पिढीला ती चित्रातूनच माहीत आहे. मोटेची रचना नीट समजून घेतली तर थक्क व्हावे लागते. कातड्याच्या मोठ्या पिशवीला खाली सोंड असे. मोटेला जाड नाडा आणि सोंडेला बारीक सोंदूर, अशा दोन दोऱ्या असत. नाडा वरच्या चाकावरून आणि सोंदूर खालच्या कण्यावरून जाई. मोट वर येत असताना सोंदुरामुळे सोंड दुमडून तोंडाच्या उंचीवर धरली जाई, त्यामुळे पाणी सांडत नसे. मोट काठाशी येताच सोंदूर सोंडेला थारोळ्याकडे ओढून घेई, सोंड सरळ होई आणि सगळे पाणी आपोआप थारोळ्यात रिकामे होई. तेथून ते पाटाने शेतात जाई. मोट ओतून घेण्यासाठी काठावर दुसरा माणूस उभा करावा लागत नसे.

बैलांसाठी केलेली धावही तितक्याच विचाराने आखलेली असे. विहिरीपासून दूर जाताना ती उताराची असे; म्हणजे भरलेली मोट ओढण्याच्या वेळी बैलांना स्वतःच्या वजनाची मदत मिळे. मोट रिकामी झाल्यावर बैल चढावर मागे सरत येत, तेव्हा त्यांच्यावर ओझे नसे. श्रमाची वाटणी इतक्या सोप्या रीतीने साधणारी दुसरी रचना सापडणे कठीण आहे.

बैलगाडीच्या चाकाचीही हीच गोष्ट. तुंबा, आरे आणि पाट्या हे लाकडाचे भाग सुतार एकमेकांत बसवी. त्यावर लोहार लोखंडी धाव चढवी. धाव चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान घेत; ती भट्टीत लाल होईपर्यंत तापविली की वाढे व चाकावर बसे. लगेच पाणी ओतले की ती आकसे आणि सर्व सांधे आवळून एकजीव करी. खिळ्यांवर भिस्त न ठेवता उष्णतेच्या गुणाने चाक बांधणारा हा कारागीर पदार्थविज्ञानाच्या पुस्तकाशिवाय ते शास्त्र जाणत होता.

लाकडी नांगर मात्र या मालिकेत थोडा वेगळा आहे. बाभळीच्या लाकडाचा नांगर, त्याला हळस, रुमणे आणि टोकाला लोखंडी फाळ, ही त्याची बांधणी. गावचा सुतार तो बलुत्यावर करून देई आणि मोडला तर दुरुस्तही करी. रोख पैसा लागत नसे. हा त्याचा मोठा गुण होता. पण कामाच्या बाबतीत तो कमी पडे. तो माती चिरत असे, पालटत नसे. हरळी आणि कुंदा यांच्या मुळ्या जमिनीतच राहत. खोल काळ्या जमिनीत जड लाकडी नांगराला चार-चार, सहा-सहा बैलजोड्या जुंपाव्या लागत. ज्याच्याकडे एकच जोडी त्याला इतरांच्या बैलांसाठी थांबावे लागे आणि तोवर वाफसा निघून जाई. बैलांचे हाल होत ते निराळेच.

बेळगाव : चित्रकलेतून यंत्राकडे

हा प्रश्न सोडविण्याचा ध्यास ज्यांनी घेतला ते लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकार होण्याच्या इच्छेने ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तेथे त्यांना काही रंगांमधील भेद ओळखता येत नाही असे आढळून आले आणि रंगकामाचा मार्ग बंद झाला. परंतु रेषा शिल्लक होती. त्यांनी यांत्रिक आरेखनाचा अभ्यास चालू ठेवला आणि पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशिक्षण संस्थेत तो विषय शिकविला. रंग दिसत नसलेल्या या चित्रकाराने पुढे कागदावर रेखाटले ते लोखंडी अवजारांचे भाग.

दरम्यान बेळगावात बंधू रामुअण्णा यांच्यासमवेत सायकलींचे दुकान सुरू झाले होते. ‘किर्लोस्कर बंधू’ या नावाचा आरंभ १८८८ साली झाला. सायकल हे त्या काळी नवलाचे वाहन होते. घडणीच्या दृष्टीने पाहिले तर ते शिक्षणाचेही साधन आहे. तिच्यात झाकलेले असे काहीच नसते. साखळी, दाते, गोळ्यांचे आस, ताणलेल्या तारा हे सर्व डोळ्यांसमोर असते आणि प्रत्येक भाग सुटा करून बदलता येतो. बैलगाडीच्या चाकात आरे भार पेलतात ते दबून. सायकलच्या चाकातील बारीक तारा भार पेलतात त्या ताणामुळे. त्यामुळे थोड्याशा धातूचे चाक धडधाकट माणसाचे वजन सहज वाहते. कमी सामग्रीत अधिक काम करण्याचा हा उत्तम वस्तुपाठ होय.

बेळगावचा उल्लेख आला म्हणून तेथील किल्ल्यातील कमल बस्तीचे स्मरण करणे अप्रस्तुत होणार नाही. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बीचिराज याने १२०४ साली बांधविलेल्या या भगवान नेमिनाथांच्या मंदिरात छतावरून दगडी कमळ खाली लोंबते. दगडाचे एकेक वर्तुळ आधीच्या वर्तुळापेक्षा थोडे आत सरकत छत मिटत जाते आणि मध्यभागी ते कमळ उमलते. पाकळ्यांवर भूत, वर्तमान आणि भविष्य या तिन्ही काळांतील चोवीशी मिळून ७२ तीर्थंकरांच्या प्रतिमा आहेत. भार तोलणारी रचना आणि मनाला भिडणारी शोभा या येथे वेगळ्या काढता येत नाहीत. मंदिर आणि नांगर यांची तुलना काहींना विचित्र वाटेल. परंतु दोन्ही ठिकाणी कारागिरापुढचा प्रश्न एकच असतो : वजन कोठून कोठे न्यायचे, आणि ते नेताना रेषा कशी वळवायची?

लोखंडी नांगर आणि शेतकऱ्याचा नकार

बेळगावच्या छोट्या कारखान्यात प्रथम कडबा कापण्याचे यंत्र तयार झाले आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात लोखंडी नांगर. इंग्लंडहून येणारे लोखंडी नांगर त्या वेळी उपलब्ध होते. परंतु ते महाग होते आणि परक्या जमिनीसाठी घडविलेले होते.

लोखंडी नांगराचे मर्म त्याच्या पंखात आहे. फाळ मातीचा थर खालून कापतो. तो थर पंखावर चढतो आणि पंखाच्या पिळामुळे हळूहळू कलत शेवटी उलटा पडतो. वरचे तण खाली गाडले जाते आणि खालची माती ऊन खाते. पंखाचा पिळ अधिक झाला तर बैलांना ओढ जास्त लागते. कमी झाला तर माती उलटत नाही. त्या वक्र पृष्ठभागात सगळे गणित साठविलेले असते. चांगल्या नांगराचा पंख पाहावा : एखाद्या पक्ष्याने वळताना पसरलेल्या पंखासारखाच तो दिसतो, आणि त्याचे नावही तेच आहे.

एवढे असूनही शेतकऱ्यांनी तो घेतला नाही. लोखंडामुळे जमिनीत विष भिनते अशी समजूत होती. सुरुवातीचे नांगर खपायला सुमारे दोन वर्षे लागली. या घटनेकडे पुष्कळदा अडाणीपणाचे उदाहरण म्हणून पाहिले जाते. मला मात्र शेतकऱ्याची बाजू अधिक विचारात घ्यावीशी वाटते. त्याच्यासाठी नांगर ही वर्षाच्या अन्नाची हमी होती. लाकडी नांगर मोडला तर सुतार गावातच होता. लोखंडी नांगराचा फाळ झिजला किंवा ओतीव भाग तडकला तर ऐन हंगामात कोणाकडे जायचे? वर्षभराची पेरणी ज्याच्यावर अवलंबून, ते अवजार अनोळखी कारखान्याच्या भरवशावर घेण्यास त्याने नकार दिला, यात व्यवहारज्ञान होते. समजुतीची भाषा विषाची असली तरी तिच्या आतील प्रश्न दुरुस्तीचा होता.

हा प्रश्न सुटल्याशिवाय नांगर खपणार नव्हता, आणि तो सुटला तो सुट्या भागांमुळे. झिजणारा फाळ नटबोल्टने बसविलेला. तो काढून शेतकऱ्याने स्वतःच नवा बसवावा, सर्व भाग एका मापाचे असावेत, बाजारात ते मिळावेत, अशी ती व्यवस्था होती. म्हणजे नांगराची घडण नांगराबरोबर संपत नव्हती. ती दुकानातील सुट्या फाळापर्यंत पोहोचत होती. सायकलीच्या दुकानात वाढलेल्या माणसाला भाग बदलण्याची ही रीत परकी नव्हती. एकदा ही खात्री पटल्यावर त्याच शेतकऱ्याने लोखंडी नांगर आपलासा केला. आज ट्रॅक्टरमागे चालणारा पलटी नांगरसुद्धा त्याच पंखाच्या तत्त्वावर माती उलटवितो.

कुंडल रोड, १९१०

बेळगावात कारखान्याचा जम बसत असतानाच नगरपालिकेला वसाहतीसाठी ठळकवाडीची, म्हणजे आजच्या टिळकवाडीची, जागा हवी झाली आणि कारखाना हलविण्याची वेळ आली. अशा वेळी औंध संस्थानचे अधिपती श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या राज्यात येण्याचे निमंत्रण दिले. कुंडल त्या वेळी औंध संस्थानात होते. बाळासाहेब १९०९ साली गादीवर आले होते. ते स्वतः चित्रकार होते. पुढे १९३८ साली त्यांनी औंध येथे उभारलेले श्रीभवानी संग्रहालय त्यांच्या रसिकतेची साक्ष देते. चित्रकार राजा आणि चित्रकलेच्या शाळेतून आलेला यंत्रकार यांची ही गाठ आपल्या परिसराच्या दृष्टीने भाग्याची ठरली. राजाने कुंडल रोड स्थानकाजवळील ३२ एकर जमीन दिली आणि १०,००० रुपये कर्जाऊ दिले.

जमीन निवडुंगाने भरलेली आणि सापांनी व्यापलेली होती. पाण्याची टंचाई होती. तरीही तेथे रेल्वे होती, आणि ओतीव लोखंड, कोळसा व तयार नांगर यांची ने-आण करण्यासाठी तीच निर्णायक ठरली. १९१०च्या पूर्वार्धात पत्र्याच्या शेडमध्ये काम सुरू झाले. रामुअण्णा, अभियंते शंभोराव जांभेकर, मंगेशराव रेगे, के. के. कुलकर्णी अशा सहकाऱ्यांनी माळाला वस्तीचे रूप दिले. घरे, शाळा, वाचनालय आणि झाडे लावलेले रस्ते हळूहळू उभे राहिले. औद्योगिक वसाहत आधी आखून मग वसवावी हा विचार त्या काळी आपल्या देशात नवीन होता. वस्तीचीही घडण असते. कामावरून घरी जाणाऱ्या माणसाला सावलीतून जाता यावे, ही गोष्ट आराखड्यातच धरावी लागते, हे या वाडीने दाखवून दिले.

पहिल्या महायुद्धाच्या काळात, म्हणजे १९१४ ते १९१८ या वर्षांत, परदेशी नांगरांची आयात थांबली आणि मागणी वाढली. पण लोखंड आणि दगडी कोळसा दोन्ही मिळेनासे झाले. तेव्हा भट्टीत लोणारी कोळसा वापरण्याचे प्रयोग झाले. लोखंडासाठी कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज यांनी संस्थानातील जुन्या तोफा दिल्या. त्या वितळवून नांगर ओतले गेले. असि या कर्मातील सामग्री कृषी या कर्माच्या सेवेला लागावी, आणि तेही जगभर युद्ध पेटलेले असताना, याहून अर्थपूर्ण घटना आपल्या जिल्ह्याच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

१९२० साली कंपनीची रीतसर नोंदणी झाली. त्याच वर्षी शंकरराव किर्लोस्कर यांच्या संपादकत्वाखाली ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक वाडीतून निघू लागले. पुढे त्याचे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. शंकररावांनी लाहोर येथे पंडित सातवळेकर यांच्याकडे चित्रकलेचे शिक्षण घेतले होते. नांगराच्या जाहिरातीत माणूस कसा उभा आहे, बैलांची मान कशी आहे, अक्षर कोणत्या वळणाचे आहे, याकडे कलावंताच्या नजरेने पाहिले जाऊ लागले. कारखान्यातून उसाचा चरक आणि भुईमुगाच्या शेंगा फोडण्याचे यंत्र बाहेर पडत गेले, पुढे लोखंडी फर्निचरही आले.

पंप आणि मोटेची मर्यादा

१९२६ साली येथे केंद्रोत्सारी पंप तयार झाला. फिरत्या चक्राच्या वेगाने पाणी मध्याकडून कडेला फेकले जाते आणि सतत मोठ्या होत जाणाऱ्या गोगलगाईच्या शंखासारख्या कवचातून ते वर चढते. ओतीव लोखंडाचे ते शंखाकृती कवच खरोखर देखणे असते; पाण्याचा वेग कमी होत दाब वाढावा यासाठीच त्याला तो आकार आला आहे. या पंपामुळे बैलांची धावेवरची रोजची फेरी संपली. एवढ्या मोठ्या प्रमाणावर मुक्या प्राण्यांचे कष्ट वाचविणारी वस्तू म्हणून आपल्या समाजाने पंपाचे ऋण मान्य केले पाहिजे.

तथापि इतिहास लिहिताना दुसरी बाजू झाकून ठेवता येत नाही. मोटेत एक गुण होता जो पंपात नाही. बैल थकले की मोट थांबे. किती पाणी पुरे, हे ती रचनाच सांगत असे. पंप थकत नाही. बटण दाबले की पाणी येते आणि बंद करण्याची आठवण करून देणारे कोणी नसते. ऊस वाढला, पाणी वाढले, निचऱ्याकडे दुर्लक्ष झाले आणि कृष्णाकाठची बरीच सुपीक जमीन क्षारपड झाली. हा पंपाचा दोष म्हणता येणार नाही. परंतु एखादे साधन पूर्वीची मर्यादा काढून टाकते तेव्हा ती मर्यादा पाळण्याची जबाबदारी माणसावर येते, हे आपण वेळीच ओळखले नाही.

या प्रश्नाचे एक उत्तरही घडणीतूनच आले. जळगावचे भवरलाल जैन (१९३७–२०१६) यांनी १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून ठिबक सिंचन भारतीय शेतकऱ्याच्या आवाक्यात आणण्यासाठी अथक काम केले. ठिबकच्या तोटीत पाण्याला नागमोडी अरुंद वाटेने जावे लागते. त्यात दाब खर्ची पडतो आणि मुळाशी थेंब थेंब पाणी पडते. मोटेत बैलांचा दमसास जे करीत होता, ते येथे बोटाएवढ्या तुकड्यातील वळणे करतात. अपरिग्रह म्हणजे गरजेपुरतेच घेणे, हे आपण प्रवचनातून ऐकतो. एखाद्या वस्तूच्या आतही ते बसविता येते, याचे हे उदाहरण आहे.

आपल्यापुढील काम

किर्लोस्करवाडी स्थानकावर आजही गाड्या थांबतात आणि वाडीच्या कारखान्यात आजही पंप तयार होतात. पण ज्या वस्तूंनी हा इतिहास घडविला त्या आपल्या डोळ्यांदेखत नाहीशा होत आहेत. नाडा आणि सोंदूर हे शब्दसुद्धा मोटेबरोबर गेले. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे घ्या. अरुंद तोंडाच्या आणि रुंद पोटाच्या, जमिनीखालच्या या कोठारांत तोंड बंद केले की हवा राहत नसे आणि हळद कीड न लागता वर्षानुवर्षे टिकत असे. तांब्याचाच तो घाट, जमिनीत उतरलेला. २००५च्या महापुरात त्यांतील बहुसंख्य पेवांचे नुकसान झाले, आणि ती पुन्हा बांधणारे हात आता दुर्मीळ आहेत. जे पुराने नेले त्याला इलाज नव्हता. परंतु परसातील जुना नांगर किलोच्या भावाने भंगारात जातो तेव्हा तो आपण स्वतः देत असतो.

सुवर्णमहोत्सव हा मागे वळून पाहण्याचा प्रसंग असतो. आपण हस्तलिखिते जपतो, मूर्तिलेखांची नोंद करतो. ते योग्यच आहे. त्याच आस्थेने एखादी खोली या वस्तूंसाठी राखून ठेवावी असे सुचवावेसे वाटते. जिवाणीची कडीची बादली, गाळणे, घाटदार तांब्या, पंख असलेला नांगर, गाडीचे एक चाक, उसाचा चरक, एवढ्यानेही आरंभ होईल. प्रत्येक वस्तूजवळ तिच्या भागांची नावे लिहावीत आणि ती कशी चालते हे ज्यांनी ती वापरली आहे त्यांच्याकडून लिहून घ्यावे. हे काम जाणत्यांच्या हयातीतच होऊ शकते. ज्यांनी मोट हाकली ती पिढी आता वयोवृद्ध आहे.

अशा खोलीत शाळकरी मुलांना न्यावे आणि त्यांना नांगराच्या पंखावरून हात फिरवू द्यावा. हा पृष्ठभाग असा का वळला आहे, असा प्रश्न एखाद्या मुलाने विचारला तर शिल्प या कर्माचा वारसा पुढे गेला असे समजावे. भगवंतांनी दिलेल्या सहा कर्मांपैकी ते एक आहे, आणि कुंडलच्या मातीत ते रुजलेले आहे.